आजी, तुम्ही पडला होतात का?

"आजी, गेल्या तीन महिन्यांत तुम्ही कधी पडलात का?" असे विचारले, तर उत्तर बहुधा येते, "नाही गं, मी कशाला पडते?" तेवढ्यात सूनबाई आतून म्हणतात, "अहो, दिवाळीच्या आधी मोरीत घसरल्या होत्या की!" आजी खोटे बोलत नव्हत्या. हाड मोडले नाही, दोन दिवस गुडघा दुखला आणि गोष्ट विसरून गेली.

घरात हा हसण्याचा विषय असला, तरी विज्ञानापुढे तो एक अवघड प्रश्न आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पडल्यामुळे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे मरण पावतात. त्यांत साठी ओलांडलेल्यांची संख्या सर्वांत मोठी असते. एकदा पडलेली वृद्ध व्यक्ती पुन्हा पडण्याची शक्यता अधिक असते. म्हणजे विसरलेले पडणे ही वाया गेलेली धोक्याची सूचना होय.

विसर किती पडतो, हे कसे मोजायचे? अमेरिकेत कमिंग्ज, नेविट आणि किड या संशोधकांनी १९८८ साली यावर अभ्यास प्रसिद्ध केला. साठीपुढच्या ३०४ हिंडत्याफिरत्या व्यक्तींच्या पडण्याची वर्षभर दर आठवड्याला नोंद ठेवण्यात आली होती. नंतर त्यांना मागचे आठवायला सांगितले. ज्यांचे पडणे नोंदवलेले होते, त्यांच्यापैकी १३ ते ३२ टक्के लोकांना त्या काळात आपण पडल्याचे आठवले नाही! गंमत म्हणजे, तीन किंवा सहा महिन्यांपेक्षा बारा महिन्यांचा प्रश्न विचारल्यावर उत्तरे अधिक बरोबर आली. याचे एक कारण असे असू शकेल, की घटना लक्षात राहते, पण ती केव्हा घडली हे राहत नाही. वर्षाच्या मोठ्या चौकटीत महिन्या-दोन महिन्यांची चूक सामावून जाते.

म्हणून आता आठवणीवर विसंबण्याऐवजी रोजची नोंद ठेवतात. युरोपातील तज्ज्ञांच्या एका गटाने २००५ साली यासाठी शिफारशी केल्या. पहिली गोष्ट व्याख्येची : अनपेक्षितपणे माणूस जमिनीवर, फरशीवर किंवा खालच्या पातळीवर येऊन टेकला, तर ते 'पडणे'. तोल जाऊन भिंत धरली, तर ते पडणे नव्हे. दुखापत झाली की नाही, याचा व्याख्येशी संबंध नाही. दुसरी गोष्ट म्हणजे नोंद रोज करायची आणि निदान महिन्यातून एकदा ती गोळा करायची.

यासाठी महिन्याचा एक कागद पुरतो. पडल्यास त्या तारखेला फुली, न पडल्यास बरोबरची खूण. न पडल्याची खूण कशाला, असे वाटेल. पण रिकामा चौकोन म्हणजे 'पडलो नाही' की 'लिहायचे राहिले', हे कसे कळणार? शून्य आणि माहिती नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हिशेबातही हे महत्त्वाचे ठरते. समजा, २० जणांपैकी १६ जणांनी बारा महिने नोंद ठेवली आणि ४ जणांनी सहाच महिने. एकूण नोंद १९२ + २४ = २१६ महिन्यांची, म्हणजे १८ वर्षांची. एवढ्या काळात ९ वेळा पडणे झाले, तर दर माणशी वर्षाला ०.५. सरळ २० ने भागले असते, तर ०.४५ आले असते. न नोंदलेले महिने आपण नकळत सुखरूप धरले असते.

तरीही एक अडचण उरते. "पडले म्हणून सांगितले, तर देवळात एकटीला जाऊ देणार नाहीत," या भीतीने काही जण नोंदच करत नाहीत. यावर सांख्यिकीत उपाय नाही; तो घरच्यांच्या वागण्यात आहे.

विद्यार्थ्यांना हा प्रयोग घरी करता येईल. आजीआजोबांची संमती घ्यावी आणि वर्गात नावे सांगू नयेत. महिन्याअखेरीस आधी नुसते आठवायला सांगावे, मग कागद पाहावा. मात्र फुली दिसली, तर रागावण्याऐवजी मोरीतली ओल, उंबरठा आणि दिव्याचा उजेड तपासावा.