कानांवरचे घाव

स्कॉटलंडमधील ग्लासगो हे शहर क्लाइड नदीच्या काठी वसलेले आहे. एकोणिसाव्या शतकात तेथे आगबोटी व त्यांचे बॉयलर बांधण्याचा मोठा उद्योग होता. लोखंडी पत्रे एकमेकांवर ठेवून त्यांच्या छिद्रांतून तापवलेले रिव्हेट घालावयाचे आणि बाहेरून घणांनी ठोकावयाचे, अशी पद्धत होती. ठोकताना रिव्हेट मागे सरकू नये म्हणून एक कामगार बॉयलरच्या पोटात शिरून आतून रेटा देत बसे. मोठ्या घंटेत बसून ती वाजवून घ्यावी, तसाच हा प्रकार! या लोकांना कमी ऐकू येते, हे सर्वांना ठाऊक होते; पण धंदाच तसा, असे म्हणून सारे गप्प राहत.

थॉमस बार या कानांच्या डॉक्टरांनी मात्र १८८६ साली १०० बॉयलर-कामगार, १०० ओतारी व १०० टपालवाले यांचे कान तपासले. साधन अगदी साधे, खिशातल्या घड्याळाची टिकटिक. ती किती अंतरावरून ऐकू येते, हे ते मोजीत. बॉयलर-कामगारांपैकी एकाचाही कान निर्दोष निघाला नाही. टपालवाल्यांची स्थिती कितीतरी बरी होती.

असे का व्हावे? कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी एक नलिका असते. तिच्यात केसांसारखी टोके असलेल्या हजारो सूक्ष्म पेशी असतात. आवाजाने ही टोके हलतात व मेंदूला संदेश जातो. गोंगाट फार झाला की पेशी थकतात, कानांना दडे बसतात. रात्रीच्या विसाव्याने त्या सावरतात. पण रोजच मारा होऊ लागला तर मरतात, आणि माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. कान दुखत नाही, म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही. प्रथम बारीक, उंच स्वर हरपतात. कोणी बोलत आहे हे कळते, काय बोलत आहे हे कळत नाही.

इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव येथील यंत्रमागांच्या शेडमध्ये शिरले म्हणजे हा धोका दूरदेशीचा नाही, हे ध्यानात येते. तेथे धोटा मिनिटाला शंभराहून अधिक वेळा या टोकाकडून त्या टोकाकडे फेकला जातो आणि विणकर खाणाखुणांनी बोलतात. दोन मीटरांवरील माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर गोंगाट ८५ डेसिबलच्या आसपास किंवा त्याहून अधिक आहे असे समजावे. आठ तासांच्या पाळीस हा आकडा धोक्याचा मानतात. नेमके मोजण्यासाठी ध्वनिमापक कामगाराच्या कानाजवळ धरतात.

डेसिबलचा हिशेब मोठा गमतीचा आहे. ९० डेसिबलच्या मागाशेजारी तसाच दुसरा सुरू केला, तर गोंगाट १८० होत नाही. तो ९३ होतो. ही ३ ची वाढ किरकोळ दिसते, पण तेवढ्यात ध्वनीची शक्ती दुप्पट झालेली असते! जेथे एक यंत्र १०० डेसिबलचे व दुसरे ९० चे आहे, तेथे दुसरे बंद करून जवळजवळ काहीच साधत नाही. म्हणून मोजमाप आधी, उपाय नंतर.

आणि उपाय करावा तो आवाजाच्या उगमाशीच. सैल भाग कसावेत, वंगण घालावे, धातूच्या दातेरी चाकांऐवजी नायलॉनची चाके बसवावीत, यंत्राखाली रबराच्या गाद्या घालाव्यात. पद्धतच बदलता आली तर फारच उत्तम. रिव्हेटची जागा वेल्डिंगने घेतली, तेव्हा बॉयलरच्या पोटातला तो कामगार आपोआप बाहेर आला. धोट्याविना चालणारे माग आले आणि धोट्याचा ठोका गेला; अर्थात तेही अगदी मुके नाहीत. उरलेल्या गोंगाटापासून दूर राहण्यासाठी पाळ्या आलटून-पालटून द्याव्यात.

कानांत घालण्याची बुचे ही शेवटची ढाल होय. साध्या कापसाच्या बोळ्याने विशेष अडत नाही. चांगले बूच ३० डेसिबलपर्यंत आवाज अडवते. परंतु उकाड्याने त्रासून कामगाराने ते अर्धी पाळी काढून ठेवले, तर दिवसअखेर त्याच्या कानांना मिळालेले संरक्षण अवघे ३ डेसिबलांचे असते.