जुनी जीप डिझेल खाते, गिअर अडतो?

खत-बियाणं आणायला भडगावहून पाचोऱ्याला जाणारी जुनी जीप डिझेल जास्त खाऊ लागली, गिअर करकरू लागला, तर लगेच गिअरबॉक्स खोलू नका. आधी क्लच बघा.

इंजिन बंद असता गिअर सहज पडतो, चालू असता करकरतो, म्हणजे क्लच पुरता सुटत नाही. दोन्ही वेळी अडला, तर गिअरबॉक्सचं तेल बघा. चढावर इंजिन गरजतं पण वेग वाढत नाही, म्हणजे क्लच घसरतो. डिझेल वाया जातं.

क्लच-पेडलची मोकळी चाल साधारण इंचभर हवी. जास्त झाली की गिअर अडतो, उरलीच नाही की क्लच घसरतो. मिस्त्रीकडून ती नीट करून घ्या. मग टायरची हवा नि एअर फिल्टर तपासा.