हरणांची मोजदाद

दसऱ्याच्या आदल्या रात्री आमच्या दारातला झेंडू कोणीतरी फस्त केला. कोणी, ते पिस्कॅटवेकरांना सांगायला नको. तोरणापुरतंसुद्धा फूल उरलं नव्हतं, आणि ओल्या मातीत खुरांचे नीटस ठसे उमटले होते. शेवटी ओक ट्री रोडवरून हार विकत आणले.

खरं तर त्यांना सवय मीच लावली होती. बारा वर्षांपूर्वी या घरात आलो, तेव्हा पहाटे मागच्या अंगणात हरिणी आणि तिची दोन पाडसं बघून मी हरखून गेले. आईला फोटो पाठवले. ती म्हणाली, "अगं, शकुंतलेच्या आश्रमात राहतेस की काय!" मग काय, सफरचंदाची सालं, मटारची टरफलं, शिळ्या पोळ्या, सगळं कुंपणापाशी जायला लागलं.

तीन वर्षांपूर्वी जूनमध्ये मुलीच्या गुडघ्यामागे लाल गोल चट्टा उठला. मध्ये फिकट, भोवती कडं. डॉक्टरांनी बघताक्षणी 'लाइम' म्हणून सांगितलं. अँटिबायोटिक वेळेवर मिळालं, पोरगी बरी झाली. माझी झोप मात्र उडाली. रात्र-रात्र वाचत बसले, तेव्हा कळलं की हरीण हा रोग देत नाही. गोचिडीला तो मिळतो मुख्यतः पांढऱ्या पायांच्या उंदराकडून. पण मोठ्या गोचिडीला अंडी घालण्याआधी पोटभर रक्त लागतं आणि ते हरणाकडे मिळतं. एक मादी दोन-तीन हजार अंडी घालते. म्हणजे मी हरणांना जेवायला बोलावत होते, आणि गोचिड्या त्यांच्या अंगावर बसून पंगतीला येत होत्या.

या रोगाला लाइम हे नाव कनेक्टिकटमधल्या गावावरून पडलं. तिथल्या पॉली मरे या गृहिणीने घरातली आणि शेजारपाजारची दुखणी वहीत टिपून ठेवली होती. मुलांचे गुडघे सुजायचे, डॉक्टर संधिवात म्हणायचे. तिचं समाधान होईना. १९७५ साली तिने आणि जुडिथ मेन्श या दुसऱ्या आईने आरोग्य खात्याचा पिच्छा पुरवला, तेव्हा येलच्या ॲलन स्टीअर यांनी तपास हाती घेतला. पुढे विली बर्गडॉर्फर यांना गोचिडीत जंतू सापडला. सुरुवात मात्र त्या वहीपासून झाली.

आपल्या रटगर्सची एक यादी अशीच उपयोगी आहे. कुठली झाडं हरीण सहसा खात नाही आणि कुठली हमखास खातं, याची प्रतवारी तिच्यात केली आहे. ती नुसती प्रयोगशाळेत झालेली नाही. नर्सरीवाले, विस्तार सेवेचे लोक आणि मास्टर गार्डनर स्वयंसेवक यांनी बागाबागांतून जे पाहिलं ते तिच्यात आहे. डॅफोडिल लावा, लॅव्हेंडर लावा. होस्टा लावणं म्हणजे हरणांसाठी पान वाढणं.

बागेचं सोडा, रानाची स्थिती जास्त वाईट आहे. रॅरिटनपलीकडे फ्रँकलिन टाउनशिपमध्ये हचिसन मेमोरियल फॉरेस्ट आहे. १९५५ पासून ते रटगर्सकडे आहे आणि त्याच्या जुन्या भागात कधी कुऱ्हाड चाललेली नाही. मार्गदर्शकाबरोबर आम्ही तिथे फिरलो. वर ओकची प्रचंड झाडं, आणि खाली ओकचं रोप शोधून सापडेना. कोवळं उगवलं की हरीण खुडतं. आजोबा आहेत, नातवंडं नाहीत, असं ते घर वाटलं.

गंमत म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यू जर्सीत हरीण जवळजवळ संपलं होतं. काही वर्षं शिकार बंद ठेवून, बाहेरून हरणं आणून ती पुन्हा वाढवली. लांडगे परतले नाहीत, आणि आपण बंगल्यांभोवती हिरवळ आणि झुडपं लावून बारमाही खाणावळ उघडली.

(जाता जाता: ऑक्टोबर ते डिसेंबर हा हरणांच्या माजाचा काळ. त्यातच घड्याळं मागे होतात आणि ऑफिस सुटेस्तोवर अंधार पडतो. फराळाचे डबे घेऊन कोणाकडे निघालात आणि एक हरीण रस्ता ओलांडून गेलं, तर लगेच वेग वाढवू नका. मागे दुसरं असतं.)

गेल्या हिवाळ्यात शेजारच्या गावात यावर सभा होती. नेहमीची शिकार पुरत नसेल तर टाउनशिपला आपली योजना घेऊन राज्याच्या वन्यजीव विभागाकडे जाता येतं. प्रिन्स्टनने २००१ पासून पैसे मोजून नेमबाज आणले, माद्यांवर गर्भनिरोधक लसही वापरून पाहिली, आणि त्यावरून तिथे कडाक्याची भांडणं झाली. आमच्या सभेतही आवाज चढले. खोलीत चाळीसेक माणसं, त्यात आपले चेहरे तीन. एक म्हातारा शिकारी म्हणाला, तीस वर्षं एकाच झाडावर बसून मी हरणं मोजतोय, वहीत आहेत. मला पॉली मरेची वही आठवली.

मी जन्माची शाकाहारी. उठून विचारलं, त्यांना पकडून दुसरीकडे सोडता नाही का येणार? उत्तर आलं, "सोडणार कुठे? सगळीकडे तेच. आणि पकडताना धसक्यानेच कितीतरी मरतात."

उत्तर मला आधीच ठाऊक असायला हवं होतं, कारण माझं माहेर जुन्नर तालुक्यातलं ओतूर. उसातले बिबटे पकडून लांबच्या जंगलात सोडण्याचा सपाटा २००१ च्या सुमारास आमच्याकडे लागला होता. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशोब मांडला, तेव्हा दिसलं की माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते, ते १७ वर गेले. जनावर हलवलं म्हणून प्रश्न हलला नाही. उसात बिबट्या राहणारच, हे धरून रात्री कसं वागायचं ते गावानेच शिकायचं, हे मामा तेव्हापासून सांगतोय.

सभेच्या शेवटी कागदावर मत लिहायचं होतं. पेन बराच वेळ हातात धरून बसले. मग 'हो' लिहिलं, आणि खाली, मांस फूड बँकेला द्यावं. त्या रात्री जेवण गेलं नाही. कुंपणापाशी हरिणी उभी होती, नेहमीसारखी, सालांची वाट बघत. दिवा मालवला.

मामाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "आमच्याकडनं दोन-चार बिबटे धाडू का? हरणं काय राहत नाहीत मग." स्वतःच खदाखदा हसला. मग थांबून म्हणाला, "पोरीचा गुडघा बरा आहे ना गं?"