आजीचं बिस्किट आणि जिलेटिन नावाचा शब्द

आपल्या मंडळात सनदा, शिलालेख, देवळं यांवर लिहिणारे जाणकार आहेत. मी पेशाने इंजिनिअर, इतिहासाकडे वळलो तो पन्नाशीच्या आसपास. त्यामुळे माझा आजचा कागद एका बिस्किटावरचा आहे.

१९८९ चा मे महिना. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि सुट्टीत आदिलाबादला घरी आलो होतो. १९७० नंतर आपल्या भागातून, विशेषतः निर्मलकडून, बरीच माणसं कामासाठी आखाती देशांत जाऊ लागली होती. आमच्या शेजारचा मुलगाही दुबईला होता. तो सुट्टीवर आला तेव्हा एक पुडा देऊन गेला. दोन गोल बिस्किटं, मधे पांढरा लुसलुशीत थर आणि वरून चॉकलेट. आम्ही असलं काही पाहिलं नव्हतं.

आजी माळकरी. तिने ते उलटंपालटं करून बघितलं. चॉकलेटवर पांढुरके डाग होते. "बुरशी आली नं रे याले?" मी म्हटलं, "नाही आजी, उन्हानं झालं." मग तिचा खरा प्रश्न आला. "अंडं तर नाही नं यात?" मी वेष्टन वाचलं. अंडं नव्हतं. "नाही आजी, खा." तिने अर्धं खाल्लं, अर्धं दुसऱ्या दिवसासाठी डब्यात ठेवलं.

त्याच वेष्टनावर 'जिलेटिन' हा शब्द होता. मी तो वाचला होता. पण तो फोटोच्या फिल्मशी संबंधित आहे, एवढंच मला ठाऊक होतं. जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढतात हे मला दोन वर्षांनी कळलं, तोवर आजी गेली होती.

पांढऱ्या थरात काय असतं?

ह्या थराला मार्शमॅलो म्हणतात. तो म्हणजे साखरेच्या पाकाचा फेस. फेस आपल्याला नवा नाही. बत्तासा हाही फेसच. पाकात सोडा घातला की वायूचे बुडबुडे होतात आणि साखर त्यांच्याभोवती स्फटिक होऊन कडक बसते. म्हणून बत्तासा कुरकुरीत लागतो आणि तोंडात टाकताच विरतो.

मार्शमॅलो मऊ राहायला दोन गोष्टी लागतात. एक, साखरेचे स्फटिक होऊ नयेत म्हणून ग्लुकोजचा पाक. दुसरी, हवेचे बुडबुडे धरून ठेवणारी एक लवचिक जाळी. ती जाळी जिलेटिन देतं. म्हणजे वजनाने थोडंच असलेलं जिलेटिन त्या थराचा खरा सांगाडा असतं.

बिस्किट मऊ का पडतं, तेही ह्यातच आलं. ताज्या बिस्किटात पाणी शेकडा तीन-चार, मार्शमॅलोत पंधराच्या पुढे. वरून चॉकलेटचं आवरण, त्यामुळे ओल बाहेर सहज जात नाही, ती बिस्किटात उतरते. काही दिवसांत बिस्किट केकसारखं होतं.

आणि आजीला दिसलेली 'बुरशी'? कोको बटर साधारण ३४ अंशांना वितळतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४ च्या पुढे जातो. वितळलेली चरबी पुन्हा थिजताना वेगळ्या रचनेचे स्फटिक होतात आणि पृष्ठभागावर पांढुरके दिसतात. खायला अपाय नाही. अमेरिकेत १९१३ पासून निघणारं 'मॅलोमार्स' हे असंच बिस्किट ह्याच कारणासाठी उन्हाळ्यात विकत नाहीत. आजकालच्या स्वस्त आवरणात कोको बटरऐवजी जरा उशिरा वितळणारी वनस्पती चरबी असते.

जोशांद्यातली खतमी

मार्शमॅलो हे मुळात एका झाडाचं नाव. दलदलीकडे वाढणारं, जास्वंदीच्या कुळातलं. त्याच्या मुळात बुळबुळीत चीक असतो. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधले मिठाईवाले तो चीक, साखर आणि अंड्याचा पांढरा बलक घोटून हा पदार्थ करत. पुढे स्वस्त आणि भरवशाचं जिलेटिन आलं आणि झाड नावापुरतं उरलं.

हे झाड आपल्या घरात वेगळ्याच वाटेने आलेलं आहे. युनानीत त्याला खतमी म्हणतात. निजामाच्या राज्यात युनानी हकिमांना मोठा आश्रय होता, आणि सर्दी-खोकल्याच्या जोशांद्यात खतमीचं बी आजही पडतं. म्हणजे आजीने खतमी नक्कीच घेतलेली असणार. फक्त बिस्किटात ती नव्हती.

आपल्या जंगलातही असा चीक आहे. कांडोळाच्या झाडाचा डिंक, ज्याला इथे तेलुगूत तपसी म्हणतात. गोंड आणि कोलाम लोक तो गोळा करतात. १९५६ साली स्थापन झालेली गिरिजन सहकारी संस्था तो विकत घेत आली आहे. परदेशात तो खाद्यपदार्थ घट्ट करायला आणि दातांच्या कवळ्या चिकटवायला जातो. मला वाटलं होतं, मार्शमॅलोला हा चालेल. पण नाही. तो पाण्यात भरपूर फुगतो, जिलेटिनसारखी जाळी मात्र बसत नाही. समुद्री शेवाळातून काढलेले काही पदार्थ ते काम बऱ्यापैकी करतात.

हिरवा ठिपका

दक्षिण कोरियात १९७४ साली 'चोको पाय' निघाला. लोट्टे ह्या कंपनीने २००४ साली चेन्नईची पॅरीज कन्फेक्शनरी विकत घेतली आणि पुढे तिचा चोको पाय भारतात बनू लागला. इथल्या गिऱ्हाइकासाठी त्यातून जनावराचं जिलेटिन काढलं. त्याआधी २००१ साली अन्नभेसळीच्या नियमांत बदल होऊन पाकिटावर हिरवी किंवा तपकिरी खूण सक्तीची झाली होती. अशी खूण त्या पुड्यावर असती, तर मला जिलेटिन शब्दाचा अर्थ माहीत असण्याची गरजच पडली नसती.

ज्याला लेबल वाचता येत नाही, त्याच्यासाठी तो ठिपका आहे, असं आपण म्हणतो. मला तर वाचता येत होतं.

ते वेष्टन आज माझ्याजवळ नाही. कंपनीचं नावही आठवत नाही. तेव्हा सभासदांना एक विनंती. घरात जुन्या पेट्यांत, डब्यांत बिस्किटांची, गोळ्यांची, चहाची जुनी वेष्टनं असतील तर फेकू नका, मंडळात आणून द्या. आपल्या घरांत काय खाल्लं गेलं आणि कुठून आलं, ह्याचा दुसरा कागद सापडणार नाही.