मोटार-विम्यातील ‘जोखीम’ : वाहनाची की चालकाची?

‘विमा’ हा शब्द फारसीतून आला; त्याच्या मुळाशी ‘बीम’, म्हणजे भय, आहे. मराठी ‘जोखीम’ या शब्दाला धोका व सांभाळावयास दिलेली मोलाची वस्तू असे दोन अर्थ आहेत. मोटार-विम्याच्या हप्त्यात कोणाची जोखीम मोजली जाते, हा प्रश्न पुण्यासारख्या वाढत्या शहरात महत्त्वाचा ठरतो.

हप्त्याचे भाग दोन. पैकी त्रयस्थाच्या हानीचा विमा १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा आहे. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत खाजगी मोटारीच्या इंजिनाची क्षमता हीच कसोटी होती : १००० घन सेंटिमीटरपर्यंत २०९४ रुपये, १५०० पर्यंत ३४१६ व त्यापुढे ७८९७ रुपये. चालक सावध की बेफाम, याचा येथे विचार नाही.

दुसरा भाग स्वतःच्या वाहनाच्या हानीचा. २००२ च्या दरपत्रकाने पुण्यास मुंबईसमवेत ‘अ’ विभागात घातले. २००७ मध्ये हे दर मुक्त झाले. दावा न करणाऱ्यास पहिल्या वर्षानंतर २० टक्के, तर सलग पाच वर्षांनंतर ५० टक्के सूट मिळते. परंतु ती मालकाच्या दाव्यांवर अवलंबून असते, चालकाच्या वर्तनावर नव्हे. पादचाऱ्यास धडक देऊनही स्वतःच्या गाडीसाठी दावा न केल्यास ती अबाधित राहू शकते. उलट उभ्या गाडीस दुसऱ्याने धडक दिल्यावर दावा केला, तर ती सामान्यतः जाते.

तात्पर्य, सक्तीच्या भागात सावध चालक बेफाम चालकाचा भार वाहतो. तथापि बेफाम चालकाचा हप्ता भरमसाट वाढविल्यास तो विम्यावाचूनच गाडी हाकण्याचा संभव असतो आणि जखमीची भरपाई धोक्यात येते. येथे खरी ‘जोखीम’, दोन्ही अर्थांनी, रस्त्यावरील त्रयस्थच होय.