जपानला जाताय? सावजी मसाला न्या, मिक्सर घरीच ठेवा!

नागपूरहून नोकरी-शिक्षणासाठी जपानला निघालेल्यांच्या बॅगेत सावजी मसाला हवाच. पण सोबत मिक्सर आणि संत्रीही भरायची का? समजून घेऊ.

मिक्सर का नको?
आपल्याकडे घरगुती वीज २३० व्होल्टची, जपानमध्ये १०० व्होल्टची. निम्म्याहून कमी दाबावर इथला मिक्सर धड फिरत नाही. खोबरं-खसखशीचं वाटण दूरच. व्होल्टेज वाढवणारा ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण मिक्सरला पुरेल एवढ्या क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर जड असतो. त्यापेक्षा मसाला इथूनच दळून न्या आणि ओल्या वाटणासाठी तिथला १०० व्होल्टचा मिक्सर घ्या.

विमानतळावर काय अडतं?
मटणाचं लोणचं किंवा मांसाचा कुठलाही पदार्थ सरकारी तपासणी प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाही, अगदी घरी खाण्यापुरताही. ताजी फळं-भाज्यांनाही प्रमाणपत्र लागतं. म्हणून संत्री आणि कढीपत्ता घरीच ठेवा.

तिथे काय मिळतं?
टोकियोच्या निशी-कासाई भागात भारतीय कुटुंबं बरीच आहेत. तिथल्या भारतीय दुकानांत तूरडाळ, बेसन मिळतं. खसखस ‘केशी नो मी’ नावाने विकली जाते. जपानी लोक ती गोड पावावर लावतात. आपला सांबार, म्हणजे कोथिंबीर, तिथे ‘पाकुची’.

भरताचं वांगं कसं भाजायचं?
अनेक घरांत इंडक्शन असतं, आच नसते. मात्र बऱ्याच जपानी शेगड्यांना मासे भाजायचं ग्रिल जोडलेलं असतं. वांग्याला टोचे मारून त्यातच भाजा.