स्कूप मारण्याआधी बीपी मोजलंय का?

जिम लावून आठवडा होत नाही, तोच कुणीतरी सांगतंच, 'प्री-वर्कआउट घे रे, पंप मस्त येतो.' मग शेकरमध्ये एक स्कूप, वर गार पाणी. थोड्या वेळात अंगाला मुंग्या येतात, छाती धडधडते आणि वाटतं, चढलं! मुंग्या असतात बीटा-ॲलनिनच्या, त्या सहसा निरुपद्रवी. धडधड मात्र कॅफिनची, आणि बीपी वाढवतं तेही हेच.

'कॅफिन काय, चहातही असतं,' असं म्हणाल. असतं ना! पण कपभर चहात साधारण 30 ते 50 मिलिग्रॅम. एनर्जी ड्रिंकला आपल्याकडे लिटरला 300 मिलिग्रॅमची मर्यादा आहे, म्हणजे 250 मिलीच्या कॅनमध्ये फार तर 75. प्री-वर्कआउटच्या एका स्कूपमध्ये मात्र 200 ते 300 सहज निघतं. पाच-सहा कप चहा एका दमात! धडधाकट माणसासाठी दिवसाची मर्यादा 400 धरतात. बीपी असलेल्यासाठी हा आकडा नाहीच, त्यानं डॉक्टरांना विचारायचं. त्यात जड वजन उचलताना श्वास रोखला की बीपी तेवढ्यापुरतं उसळी मारतंच. आधीच वाढलेलं असेल तर तिन्हींची बेरीज होते.

गोची अशी, की हाय बीपी बहुतेकदा जाणवतच नाही. विशीतल्या कितीजणांनी ते कधी मोजलेलं असतं?

डब्यावर 'हर्बल' लिहिलंय म्हणून निर्धास्त होऊ नका. एफेड्रा ही वनस्पतीच, पण ती असलेल्या सप्लिमेंट्सवर अमेरिकेनं 2004 मध्ये बंदी घातली. योहिम्बिन झाडाच्या सालीतून येतं, तेही बीपी चढवतं. आपलं घरगुती ज्येष्ठमधसुद्धा रोज भरपूर घेतलं तर शरीरात मीठ-पाणी साठवतं आणि पोटॅशियम घटवतं. 2012 च्या लंडन मॅरेथॉनमध्ये तिशीची एक धावपटू शेवटच्या टप्प्यात कोसळून गेली. तिनं डीएमएए असलेलं पेय घेतलं होतं, आणि मृत्यूच्या चौकशीत त्याचं नाव आलं. लेबलवर 'प्रोप्रायटरी ब्लेंड' दिसलं तर मी तरी तो डबा परत ठेवीन. त्यात काय किती आहे, ते सांगायचंच नाही असा त्याचा अर्थ.

व्हे प्रोटीन किंवा क्रिएटिन या यादीत बसत नाहीत, ती उत्तेजकं नाहीत. किडनीची तक्रार असेल तर मात्र आधी विचारा.

मोजायचं कसं? अर्धा तास आधी चहा-कॉफी, सिगारेट, व्यायाम बंद. पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकलेली, हात छातीच्या उंचीवर. वेगवेगळ्या दिवशी 140/90 किंवा त्याहून जास्त येत राहिलं तर स्कूप थांबवा आणि डॉक्टर गाठा. जाताना डब्याच्या लेबलचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या. सर्दीची गोळी चालू असेल तर तीही दाखवा, कारण नाक मोकळं करणारी काही औषधंही बीपी वाढवतात.